सुर्कीयोच्या मंडईतून लिमा

पेरूची राजधानी लिमा येथे उतरणारे बहुतेक भारतीय प्रवासी तिथे जेमतेम एखादी रात्र काढतात आणि कुस्को व माचू पिक्चूच्या वाटेला लागतात. मला मात्र पतीच्या कामानिमित्त या शहरात काही आठवडे राहायला मिळाले आणि त्या मुक्कामात शहराची ओळख मंडयांमधून करून घ्यायची, असे मी निघण्यापूर्वीच ठरवले होते. लिमाच्या पाककलेचा गेल्या काही वर्षांत जगभर बोलबाला झाला आहे. जगातील सर्वोत्तम पन्नास उपाहारगृहांच्या यादीत २०२३ मध्ये येथील ‘सेंट्राल’ आणि २०२५ मध्ये ‘माइदो’ पहिल्या क्रमांकावर होते. तिथल्या जेवणाचे कौतुक अनेकांनी लिहिले आहे. त्या कीर्तीचा पाया ज्या बटाट्यांवर, मिरच्यांवर आणि मासळीवर उभा आहे, त्या जिनसा मात्र साध्या मंडईत कोणालाही पाहता, हाताळता आणि चाखता येतात, आणि मला ओढ होती ती त्यांची.

आमच्या घराजवळच राहणाऱ्या एक निवृत्त स्वयंपाकीणबाई परदेशी पाहुण्यांना मंडईत नेऊन, चवी दाखवून, शेवटी घरी रांधायला शिकवत असत. सगळे त्यांना सेन्योरा म्हणत, म्हणून मीही तेच म्हणू लागले. त्यांची शिकवण्याची रीत ठरलेली होती. जिन्नस आधी कच्चा पाहायचा, हातात घ्यायचा, त्याचा वास घ्यायचा, विकणाऱ्या बाईला तो कुठून आला ते विचारायचे आणि मग त्याच दिवशी तोच जिन्नस शिजवलेल्या रूपात खायचा. एका दिवसात सगळे शहर चाखायचा आग्रह त्यांनी कोणालाही धरू दिला नाही. ही रीत मला मनापासून पटली, कारण नुसत्या चवींचा मारा झाला की जिभेवर आणि लक्षात काहीच टिकत नाही.

लिमाच्या मंडया समजून घेण्यासाठी आधी लिमाची जागा समजून घ्यावी लागते. हे सुमारे एक कोटी वस्तीचे शहर वाळवंटात वसलेले आहे. समोर प्रशांत महासागर, मागे अँडीजच्या रांगा, आणि पाऊस जवळजवळ नाहीच. किनाऱ्यालगत वाहणाऱ्या हम्बोल्टच्या थंड प्रवाहामुळे जून ते सप्टेंबर या काळात आकाश करड्या ढगांनी भरून राहते, अंगावर बारीक दमट तुषार येत राहतात, पण छत्री उघडावी असा पाऊस काही होत नाही. आमच्या कोकणातल्या पावसात वाढलेल्या माणसाला हे आभाळ फार चमत्कारिक वाटते. अशा कोरड्या शहराला खाऊ घालायला अन्न तीन दिशांनी येते: समुद्रातून, डोंगरातून आणि डोंगरापलीकडच्या ॲमेझॉनच्या जंगलातून. डोंगराकडून येणारे ट्रक ४,८१८ मीटर उंचीवरील तिक्लियोची खिंड ओलांडून समुद्रसपाटीवर उतरतात. त्यातला बराचसा भाजीपाला आधी सांता आनिता येथील घाऊक बाजारात आणि तिथून वस्त्यावस्त्यांच्या मंडयांत जातो. एकाच मंडईच्या एका टोकाला समुद्राची मासळी, मधे थंड डोंगराळ पठारावरचे बटाटे आणि दुसऱ्या टोकाला जंगलातली फळे दिसतात, ती या भूगोलामुळे.

सुरुवात चोरीयोसच्या मच्छीमार धक्क्यापासून झाली. पहाटे धक्क्याकडे जाताना रस्त्याच्या कडेला एमोलिएन्तेची हातगाडी लागली. जव, जवस आणि काही औषधी वनस्पती उकळून केलेला हा गरम काढा लिमातले कष्टकरी लोक कामावर जाण्यापूर्वी पितात. गाडीवाली बाई मोठ्या भांड्यातला काढा दोन पेल्यांमध्ये उंचावरून ओतून त्यात लिंबू पिळत होती आणि जवसामुळे आलेल्या बुळबुळीतपणाची लांब तार पेल्यांमध्ये धरली जात होती. चव सौम्य, किंचित गोड आणि घशाला फार बरी वाटणारी आहे. त्या दमट थंडीत तो पेला दोन्ही हातांत धरून उभे राहिल्यावर लोक तो रोज का पितात, हे वेगळे विचारावे लागले नाही.

धक्क्यावर लहान होड्या येऊन लागत होत्या आणि टोपल्यांभोवती पेलिकन पक्षी निर्ढावल्यासारखे फिरत होते. माझे बालपण रत्नागिरीत गेले असल्याने मासळी पारखण्याचे धडे घरातच मिळाले होते, आणि त्याच खुणा येथेही चालतात, याचा मला आनंद झाला. डोळा फुगीर व स्वच्छ हवा, कल्ले लालभडक हवेत, बोटाने दाबलेले मांस लगेच वर यायला हवे. सेन्योरांनी बोनीतो, कोहिनोवा, पेहेर्रेई अशी एकेक मासळी हातात देऊन दाखवली आणि शेवटी लेंगुआदो हा आपल्या लेपाच्या गणातला चपटा मासा निवडला. मासेमारीच्या बंदीचे दिवस येथेही काटेकोर आहेत. आपल्याकडे महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तशी येथे नदीतल्या कोळंबीला दक्षिणेकडच्या उन्हाळ्यात, म्हणजे मार्चअखेरपर्यंतचे काही महिने, पूर्ण बंदी असते आणि त्या काळात ती कोणत्याही प्रामाणिक उपाहारगृहात मागूनही मिळत नाही.

धक्क्यावरच्या गप्पांमध्ये एल निनोचा विषय निघालाच. आपण मान्सूनच्या अंदाजात दरवर्षी जो एल निनो ऐकतो, त्याला हे नाव याच किनाऱ्यावरच्या मच्छीमारांनी दिले, कारण नाताळच्या सुमारास समुद्राचे पाणी तापलेले त्यांना दिसे. थंड पाणी खालून वर येताना पोषकद्रव्ये घेऊन येते, त्यावर सूक्ष्म जीव वाढतात आणि त्यांच्यावर आन्चोवेता नावाच्या लहान मासळीचे प्रचंड थवे जगतात. पाणी तापले की हे थवे खोल जातात किंवा दूर निघून जातात आणि त्यांच्यामागे असणारी सगळी साखळी विस्कटते. २०२३ मध्ये उत्तरेकडच्या किनाऱ्याचे पाणी तापले, पियुरा भागात पूर आले, लिंबाच्या बागांचे नुकसान झाले आणि लिमामध्ये लिंबू इतके महागले की सेविचे, म्हणजे लिंबाच्या रसात मुरवलेली कच्ची मासळी, करणाऱ्यांना पदार्थाची किंमत वाढवावी लागली किंवा लिंबाचा हात आखडता घ्यावा लागला. धक्क्यावरच्या एका वयस्क मच्छीमाराने हे सांगताना मासळीइतकीच काळजी लिंबाबद्दल व्यक्त केली. त्याच काळात आपल्याकडेही पावसाने ओढ दिली होती. दोन किनाऱ्यांवरच्या लोकांची चूल एकाच समुद्राच्या तापमानावर अवलंबून असते, हे मला पुस्तकातून ठाऊक होते. ते एका मच्छीमाराच्या तोंडून ऐकणे वेगळे होते.

सुर्कीयोची पहिल्या क्रमांकाची मंडई मिराफ्लोरेस या सधन वस्तीच्या अगदी शेजारी आहे. मधे खोलगट भागातून जाणारा द्रुतगती मार्ग आहे, त्यावरचा पूल ओलांडला की काही मिनिटांत वस्तीचा चेहरामोहरा बदलतो. मोठ्या उपाहारगृहांचे आचारी आणि आसपासच्या घरांतल्या बाया एकाच गाळ्यासमोर उभ्या असतात. विकणारी बाई गिऱ्हाइकाला कासेरीता म्हणते आणि गिऱ्हाईकही तिला तेच म्हणते. खरेदी झाली की पिशवीत वरून थोडी कोथिंबीर किंवा एखादे लिंबू जास्तीचे पडते आणि ते मागण्यात कोणाला संकोच नसतो.

या मंडईत मी सर्वांत जास्त वेळ बटाट्यांपाशी काढला. बटाट्याची लागवड टिटिकाका सरोवराच्या परिसरात सुमारे सात ते आठ हजार वर्षांपूर्वी सुरू झाली असे मानले जाते, आणि लिमाच्या ला मोलिना भागात १९७१ पासून असलेल्या आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्राच्या संग्रहात या पिकाचे हजारो वाण जपून ठेवले आहेत. मंडईत अर्थातच हजारो वाण नसतात, परंतु एका गाळ्यावर जे दिसले तेच माझ्यासाठी पुष्कळ होते. काहींची साल जांभळी आणि गर पिवळाधमक, काही आतून जांभळे, काही लांबट व गाठीगाठींचे. पापा आमारिया हा पिवळा बटाटा अतिशय पिठूळ असतो आणि कुस्करण्यासाठी त्याला तोड नाही. वायरो रस्सा शोषून घेतो म्हणून रश्श्याच्या पदार्थांत घालतात. गाळेवाल्या बाईने कोणता बटाटा कोणत्या पदार्थाचा, हे इतक्या ठामपणे सांगितले की तिथे चर्चेला जागाच नव्हती. आपण तांदळाच्या बाबतीत हीच काटेकोर निवड करतो, पण बटाटा मात्र सरसकट बटाटाच मानतो.

त्याच गाळ्यावर एका परडीत काळे, सुरकुतलेले, दगडासारखे दिसणारे पण हलके गोळे होते. हा चुन्यो. अँडीजच्या उंच पठारावर जून-जुलैच्या कडाक्याच्या थंडीत बटाटे रात्री उघड्यावर गोठवतात, दिवसा उन्हात ठेवतात, पायांनी तुडवून त्यातले पाणी काढतात आणि पुन्हा वाळवतात. असा बटाटा वर्षानुवर्षे टिकतो. मी एक गोळा हातात घेऊन फोडून पाहिला. आत तो भुरा आणि सच्छिद्र होता आणि त्याला ओल्या मातीसारखा वास होता. याशिवाय उकडून, चिरून वाळवलेला पापा सेका मिळतो, आणि त्यापासून कारापुल्क्रा नावाचा रस्सा करतात, ज्यात सुक्या मिरचीचे वाटण आणि भाजलेल्या शेंगदाण्याचे कूट असते. मी तो दुपारी त्याच मंडईतल्या एका खानावळीत खाल्ला. त्यात डुकराचे मांस असते, हे आधी विचारून घ्यावे. शेंगदाण्याने दाट झालेला तो तांबडा रस्सा जिभेला अनोळखी वाटला नाही.

शेंगदाण्याचा विषय निघाला म्हणून येथे थांबून सांगायलाच हवे. बटाट्याच्या गाळ्यापासून पुढे चालत गेले तेव्हा ओळीने कामोते म्हणजे रताळी, युका म्हणजे ज्याच्या पिठापासून आपला साबुदाणा होतो तो कंद, पोत्यांमध्ये भुईमुगाच्या शेंगा आणि किविचा म्हणजे राजगिऱ्याच्या कुळातले बारीक दाणे मांडलेले होते. साबुदाण्याची खिचडी, त्यातला बटाटा, शेंगदाण्याचे कूट, रताळ्याचा कीस, राजगिऱ्याचे लाडू, वर हिरवी मिरची. एकादशीला आपण ज्या जिनसांवर उपवास करतो त्यांतील बहुतेक अमेरिका खंडातून सोळाव्या शतकानंतर युरोपीय जहाजांच्या वाटेने आपल्या घरात आल्या आहेत. ज्ञानेश्वर-नामदेवांच्या काळातल्या वारकऱ्याला यातली एकही ओळखता आली नसती. मी हे सेन्योरांना सविस्तर समजावून सांगितले, कारण उपवास म्हणजे काही न खाणे, अशीच त्यांची कल्पना होती. त्यांना फार कुतूहल वाटले आणि नंतर प्रत्येक गाळ्यावर त्या मला विचारत राहिल्या, की हे तुमच्या त्या दिवशी चालते का? पेरूच्या प्राचीन लोकांनाही या जिनसांचे अप्रूप होते. सिपान येथे १९८७ मध्ये सापडलेल्या, मोचे या प्राचीन संस्कृतीतल्या राज्यकर्त्याच्या कबरीत सोन्या-चांदीच्या भुईमूग शेंगांची माळ मिळाली, आणि लिमातील लार्को संग्रहालयात बटाटा, मका, भोपळा यांच्या आकाराची मोचेकालीन मातीची भांडी पाहायला मिळतात. मंडई पाहिल्यानंतर दुसऱ्या दिवशी ते संग्रहालय पाहावे, असे मी आवर्जून सुचवीन. त्या भांड्यांमधली प्रत्येक भाजी तेव्हा ओळखीची झालेली असते.

मिरच्यांचा गाळा रंगांमुळे लांबूनच दिसतो. आही आमारियोला पिवळी म्हणतात, परंतु पिकल्यावर ती केशरी असते. ही मिरची लिमाच्या स्वयंपाकाचा कणा आहे. तिच्या बिया व शिरा काढून, पाणी बदलत उकळून, साल सोलून मऊ वाटण करतात. तसे केले की तिखटपणा उतरतो आणि फळासारखा सुगंध मागे राहतो. रोकोतो दिसायला लहान ढोबळ्या मिरचीसारखी, पण कापली की आत काळ्या बिया निघतात आणि तिचा जाळ चांगलाच लागतो. आही पांका वाळवलेली, गडद तांबडी आणि सौम्य. तर आही लिमो बारीक, सुवासिक आणि सेविचेसाठी राखलेली. आपली बेडगी किंवा संकेश्वरी मिरची ज्या प्रजातीची आहे तिची लागवड प्रथम मेक्सिकोकडे झाली, तर आही आमारियो आणि रोकोतो या दक्षिण अमेरिकेतील वेगळ्याच प्रजाती आहेत. त्यामुळे तिखट खाण्याची सवय असलेल्या मराठी माणसालाही येथे नव्याने चव घ्यावी लागते. आपण मिरचीत तिखटपणा आणि रंग पाहतो. हे लोक आधी तिचा वास पाहतात.

मिरच्यांशेजारीच वाकाताय नावाची पालेभाजी जुड्या बांधून ठेवली होती. सेन्योरांनी एक पान चुरगाळून माझ्या नाकाशी धरले आणि मला चटकन दसऱ्याच्या तोरणाचा वास आला. वाकाताय ही झेंडूच्याच प्रजातिसमूहातली वनस्पती आहे, आणि झेंडूही मूळचा अमेरिका खंडातलाच. येथे तिची पाने मिरची व ताज्या चीजबरोबर वाटून उकडलेल्या बटाट्यावर घालतात. झेंडूच्या वासाची चटणी खाण्याची कल्पना आधी विचित्र वाटली, पण पहिल्या घासानंतर मी ती मागून घेतली.

फळांच्या गाळ्यावर चवी घेण्याची सोय असते. बाई सुरीने फोड कापून हातावर ठेवते. चिरिमोया आपल्या सीताफळाच्या कुळातली आहे, पण तिच्यात बिया कमी, गर सलग आणि चव किंचित आंबटसर. लिमाच्या वरच्या डोंगरातील कुम्बे गावची चिरिमोया सर्वांत चांगली मानतात आणि विकणारी ते नाव मोठ्याने सांगते. लुकुमा मात्र कोणत्याही ओळखीच्या फळाशी जुळत नाही. साल हिरवी, गर गडद पिवळा आणि उकडलेल्या अंड्याच्या बलकासारखा कोरडा. तो नुसता खाण्यापेक्षा आइसक्रीममध्ये फार खुलतो. ग्रानादियाची कडक साल फोडून आतला बुळबुळीत, गोड गर बियांसकट गिळायचा असतो. आग्वायमांतो ही आपली रसभरी, तिची मूळ भूमी अँडीजच आहे. रसाच्या गाळ्यांवर पपई, अननस, गाजर आणि बीट यांचा एकत्र रस मिळतो. तो घेताना उकळलेले पाणी वापरायला सांगावे आणि बर्फ टाळावा, कारण लिमातील नळाचे पाणी प्रवाशांनी पिऊ नये.

सेविचे मी मंडईतल्या एका गाळ्यावर आधी पाहिले आणि नंतर सेन्योरांच्या स्वयंपाकघरात स्वतः केले. लेंगुआदोचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करून आधी त्यांना मीठ लावले. मीठ लावल्यावर तुकडे किंचित घट्ट होतात आणि पुढचा आंबटपणा नीट मुरतो. उभा, केसासारखा बारीक चिरलेला लाल कांदा थंड पाण्यातून काढून ठेवला. वाडग्याला आतून आही लिमो चोळली. मग लिंबू पिळताना सेन्योरांनी माझा हात धरून थांबवला: लिंबू अर्धेच दाबायचे, शेवटच्या थेंबापर्यंत पिळले की सालीचा कडवटपणा उतरतो. मिश्रण थंड राहावे म्हणून बर्फाचा एक खडा फिरवून लगेच काढून टाकला. मासळीच्या तुकड्यांची कडा पांढुरकी झाली आणि आतला भाग अजून चकचकीत होता, तेवढ्यात ताटली समोर आली. पूर्वी मासळी कितीतरी वेळ लिंबात ठेवत असत. आता ती काही मिनिटांतच वाढतात आणि यामागे जपानी पद्धतीचा प्रभाव आहे. शेजारी रताळ्याची फोड, मोठ्या दाण्यांचा उकडलेला चोक्लो मका आणि भाजलेला खमंग कांचा मका. तळाला उरलेला आंबट-तिखट पांढरा रस, ज्याला लेचे दे तिग्रे म्हणतात, तो वेगळ्या पेल्यात पितात. रताळ्याचा गोडवा नसता तर तो आंबटपणा झेपला नसता, इतकी ही जोडी नेमकी आहे.

यात वापरलेले लिंबू हे आपले कागदी लिंबूच. ते मूळचे आशियातले. अरब आणि स्पॅनिश लोकांबरोबर प्रवास करत ते पेरूत पोहोचले. कांदाही स्पॅनिशांनीच आणला. त्याआधी येथील लोक मासळीला आंबट फळांचा रस लावत, असे सांगतात. डिसेंबर २०२३ मध्ये युनेस्कोने सेविचेच्या परंपरेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले, आणि पेरूत २८ जून हा सेविचेचा राष्ट्रीय दिवस म्हणून पाळला जातो.

कच्च्या मासळीबाबत मात्र सावध राहणे आवश्यक आहे. लिंबाच्या आम्लाने मासळीतील प्रथिने घट्ट होतात, पण त्याने सगळे जंतू मरत नाहीत. १९९१ मध्ये पेरूच्या किनाऱ्यावर कॉलऱ्याची मोठी साथ आली तेव्हा लोकांनी सेविचे खाणे सोडले होते आणि मच्छीमारांचा धंदा बसला होता. म्हणूनच लिमातले लोक सेविचे दुपारच्या जेवणातच खातात, ताजी मासळी सकाळी आलेली असते म्हणून, आणि चांगली सेविचेची दुकाने दुपार टळली की बंद होतात. गर्दी असलेल्या आणि मासळी डोळ्यांसमोर कापणाऱ्या गाळ्यावरच मी खात असे. रात्री सेविचे देऊ करणाऱ्या, प्रवाशांसाठीच्या उपाहारगृहात मी ते कधीही मागवले नाही.

शहराच्या जुन्या भागातील मेर्कादो सेंट्राल आणि त्याला लागून असलेल्या कापोन रस्त्यावरील चिनी वस्तीसाठी सेन्योरांनी वेगळा दिवस ठेवला होता. १८४९ ते १८७४ या काळात सुमारे एक लाख चिनी मजूर करारावर पेरूत आणले गेले. उसाच्या मळ्यांवर आणि किनाऱ्याजवळच्या बेटांवरील पक्ष्यांच्या विष्ठेचे खत खणण्याच्या कामावर त्यांचे अतोनात हाल झाले. करार संपल्यावर त्यांच्यातील काहींनी याच मंडईच्या आसपास खानावळी घातल्या. आज लिमाच्या गल्लोगल्ली दिसणाऱ्या चिफा खानावळींची मुळे तिथे आहेत. लोमो साल्तादो हा पदार्थ मी कापोनजवळच खाल्ला: गोमांसाच्या पट्ट्या, कांदा, टोमॅटो आणि आही आमारियो मोठ्या आचेवर कढईत परतून, सोया सॉस घालून, त्यात तळलेले बटाटे मिसळून भाताबरोबर वाढतात. आचारी कढई उचलून झोकाने हलवत होता तेव्हा ज्वाळा आत शिरत होती आणि धुराचा तो वास शेवटच्या घासापर्यंत टिकून होता. जपानी मजुरांचे पहिले जहाज १८९९ मध्ये आले, त्यात ७९० जण होते. मासळी कापण्याचे त्यांचे कौशल्य तिरादितोसारख्या पातळ कापांच्या पदार्थात उतरले. मेर्कादो सेंट्रालची गर्दी फार असते, खिशाकडे लक्ष ठेवावे लागते आणि निवांतपणे विचारपूस करणे कठीण जाते. पहिल्यांदा जाणाऱ्याने सुर्कीयोपासूनच सुरुवात करावी, असे माझे मत आहे.

संध्याकाळचे खाणे रस्त्यावरचे. आन्तिकूचो म्हणजे गुरांच्या हृदयाचे तुकडे आही पांका, लसूण, जिरे आणि व्हिनेगरमध्ये मुरवून काडीला लावून निखाऱ्यावर भाजलेले. जुन्या लिमात आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या वाट्याला मालकांनी टाकलेली काळीज-आतडी येत आणि त्यांच्याच हातून हा पदार्थ आजच्या रूपाला आला, असे मानले जाते. पेरूत गुलामगिरी १८५४ मध्ये संपली. भाजणारी बाई मक्याच्या सुक्या पातींची जुडी बांधून तिचा कुंचला करते आणि तो मसाल्याच्या तेलात बुडवून मांसावर फिरवते. निखाऱ्यावर तेल पडले की भडका उडतो आणि जिऱ्याचा वास सगळ्या कोपऱ्यावर पसरतो. मी हृदय खाल्ले आणि ते मला आवडले, पण ज्यांना ते नको असेल त्यांनी त्याच गाडीवर शेजारी मिळणारे पिकारोनेस जरूर खावेत. भोपळा आणि रताळे उकडून, मैदा, खमीर व बडीशेपेच्या जातीचे बी घालून आंबवलेले पीठ बाई ओल्या हातात घेते, अंगठ्याने मधे भोक पाडते आणि ते कडे अलगद कढईत सोडते. कडी फुगली की काडीने उलटतात आणि वरून चान्काकाचा पाक ओततात. चान्काका म्हणजे उसाचा गूळच. पाकात संत्र्याची साल, दालचिनी आणि लवंग असते. कोल्हापूरच्या गुऱ्हाळाचा वास ज्याला ठाऊक आहे त्याला तो पाक लगेच ओळखू येईल. मी दोनदा मागून घेतला.

शेवटच्या आठवड्यात मी एकटीच सुर्कीयोला जाऊन खरेदी केली आणि घरी काउसा केले, कारण आमच्याकडे जेवायला येणाऱ्या एका मराठी कुटुंबात कोणीही मासमच्छी खात नव्हते. पापा आमारिया सालीसकट मंद आचेवर उकडावा लागतो. आच मोठी झाली की तो पाण्यातच फुटून विरघळतो. गरम असतानाच सोलून लगेच कुस्करायचा, मिक्सरमध्ये घातला की तो चिकट होतो. त्यात आही आमारियोचे वाटण, लिंबाचा रस, तेल आणि मीठ घालून मळले की सुरेख केशरी-पिवळा गोळा तयार होतो. त्याचा एक थर, त्यावर एरवी ट्यूना किंवा कोंबडी असते तिथे मी पिकलेला आव्होकाडो आणि चोक्लोचे दाणे घातले, वर दुसरा थर, आणि थंड करून कापले. पाहुण्यांनी ते आवडीने खाल्ले आणि रस्त्यावर शाकाहारी काय मिळेल, हे विचारले. मी त्यांना सांगितले ते येथेही सांगते. लिमात नुसते ‘मांस नको’ म्हटल्यास कोंबडी किंवा मासळी ताटात येऊ शकते, म्हणून मांस, कोंबडी आणि मासळी ही तिन्ही नावे घेऊन नको म्हणावे आणि सूप कशाच्या पाण्यात उकळले आहे तेही विचारावे. उकडलेल्या बटाट्यावरचा वान्काईना हा चीज व मिरचीचा रस्सा बिनमांसाचा असतो, पण त्याबरोबर उकडलेले अंडे येते. भाजलेला मका, रताळी, फळे, जांभळ्या मक्याचे चिचा मोरादा हे सरबत आणि पिकारोनेस यांवर मंडईतला एक दिवस कोणाचाही पोटभर जातो.